हरणी पाय देत नाही: वरातीच्या घोडीच्या प्रकल्प नोंदी

४ मे

घोडी हरणी. पांढरी, दातांवरून वय १२-१३ वर्षं. उंची १४.१ हात (घोड्याच्या मापात हात चार इंचांचा, म्हणजे १४ हात आणि १ इंच), १४५ सें.मी.च्या आसपास. तबेला मुंबईच्या पश्चिम उपनगरात, सहा घोड्यांचा. काम वरातीचं. ढोल-ताशा, बँड, फटाके, जनरेटरची गाडी, कशालाच बुजत नाही. पायाला हात लावला की मात्र अंग चोरते. मोतद्दारांच्या, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्यांच्या भाषेत, "घोडी पाय देत नाही."

वजन टेपने काढलं. छातीचा घेर १६५ सें.मी., खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १५० सें.मी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. साधारण ३४५ किलो. उभ्या घोड्याचं जवळजवळ ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, म्हणजे इथे दोनशे किलोच्या वर. पुढचा एक पाय उचलायचा तर हा भार आधी दुसरीकडे गेला पाहिजे. भार हलायच्या आत माणसाने पाय ओढला, तर घोडी पडायच्या भीतीने तो परत खाली रोवते, आणि लोक त्याला हट्ट म्हणतात.

आजची स्थिती अशी:
पुढचा डावा: देते, दोन सेकंदांत हिसकावते.
पुढचा उजवा: देते, पण सगळा भार माणसाच्या हातावर टाकते.
मागचा डावा: मांडीला हात लागताच पाय पुढे-बाजूला फेकते.
मागचा उजवा: उचलतच नाही. कान मागे, शेपूट आवळलेली.

पुढच्या पायांना नाला आहेत, झिजलेल्या, खिळ्यांची टोकं वर आलेली. मागचे पाय बिननालेचे. खुरांची शेवटची कापणी ११ आठवड्यांपूर्वीची. आजवर नाल ठोकताना ओठाला दोरीचा पीळ घालायचे आणि मागचा पाय दोराने वर बांधायचे. काम व्हायचं, पण दर वेळी आधीपेक्षा एक माणूस जास्त लागायचा. पावसाळा तोंडावर आहे. खूर रोज साफ करता आले नाहीत, तर जुलैपर्यंत खूर सडायला लागतील. ७ जूनला नालबंद येणार. हातात पाच आठवडे आहेत.

५ मे

शिकवण्याआधी डॉक्टर. हा क्रम उलटा केला तर दुखणाऱ्या पायाला आपण शिस्त लावत बसतो.

सपाट, कडक जमिनीवर सरळ चालवून पाहिलं, मग दोन्ही बाजूंना लहान गोल. डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली, चारही पायांच्या घोट्यांमागे बोटं ठेवून नाडी पाहिली. खुरात दाह असेल तर ती ठणठण जोरात लागते, इथे तशी नव्हती. खुरात दाह असलेला घोडा पाय देत नाही तो वेगळ्या कारणाने: एक पाय उचलला की दुसऱ्या दुखऱ्या पायावर दुप्पट भार येतो.

निदान: मागच्या उजव्या पायाचा मधला सांधा आखडलेला. पाय वर आणि मागे ओढला की कळ येते. सूचना: हा पाय जमिनीपासून २० सें.मी.च्या वर न्यायचा नाही, शरीराखालीच ठेवायचा, बाजूला ओढायचा नाही. दुखणं कमी करणारं औषध ठरावीक दिवस, डोस डॉक्टरांनीच लिहून दिला. धनुर्वाताच्या लसीची तारीख तपासली, चालू आहे. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. खूर आणि खिळ्यांशी खेळताना ही लस चुकवायची नाही.

६ मे

जागा आणि सामान.

तबेल्याच्या मागचा रबरी मॅटचा चौक, चार मीटर बाय चार. भिंतीशी काम करायचं नाही, माणूस मध्ये चिरडतो. पंखा पायांच्या उंचीवर, कारण मे महिन्यात माश्यांमुळे घोडी पाय आपटते आणि तेच आपल्याला अंगावर आल्यासारखं वाटतं.

म्होरकी, तीन मीटर सुती दोर. खुंट्याला पक्कं बांधायचं नाही. एक माणूस डोक्याशी दोर धरून, आणि तो नेहमी पाय धरणाऱ्याच्याच बाजूला. घोडी बावरली तर तो तिचं डोकं आपल्याकडे घेतो, म्हणजे पुठ्ठा दुसरीकडे जातो. दोर हाताला गुंडाळायचा नाही, घडी करून धरायचा. पायात कडक टोकाचे बूट, डोक्यावर हेल्मेट. चपला घालून कुणी चौकात येणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितला. वाकायचं, फार तर उकिडवं बसायचं, गुडघा टेकायचा नाही.

सव्वा मीटर बांबूची काठी, टोकाला कापूस भरलेला जुना हातमोजा बांधलेला. हा आपला खोटा हात.

खाऊ: उटीची केशरी गाजरं, रोज २५० ग्रॅम, उभी चिरून बोटाएवढ्या फोडी. गोल चकत्या कधीच नाही, त्या घशात अडकतात. शिवाय मूठभर भिजवलेले चणे. एवढं रोजच्या चंदीतून, म्हणजे दाण्यातून, कमी. सत्राआधी अर्धा तास गवत टाकायचं. उपाशी घोडी खाऊसाठी अंगावर येते आणि शिकत काहीच नाही.

वेळा: सकाळी सव्वासहा, संध्याकाळी साडेसहा, रात्री नऊ. प्रत्येकी पाच मिनिटं. वरात असेल त्या दिवशी फक्त सकाळचं.

७ मे

खूण ठरवली. बरोबर झालं त्या क्षणी एक ठरलेला आवाज, त्यामागोमाग गाजर. जिभेने "टक" करायचा मोह होतो, पण मुंबईत सगळेच घोडेवाले घोडा पुढे काढायला तोच आवाज करतात. म्हणून "हां", आखूड आणि नेहमी एकाच सुरात. पाय मागायचा शब्द "पाय".

आज पायाचं काहीच नाही. "हां" म्हणायचं, गाजर द्यायचं, दहा वेळा. एकच अट: तोंड सरळ समोर असेल तेव्हाच. चौथ्या वेळेपर्यंत ती खिसा हुंगत होती, नवव्या वेळी तोंड स्वतःहून सरळ ठेवून थांबली.

९ मे

खोट्या हाताने नकाशा काढला. माणूस खांद्याशी, तोंड शेपटीकडे. मोजा आधी मानेच्या मुळाशी, मग हळूहळू खाली.

पुढचे पाय: गुडघ्यापर्यंत निवांत, गुडघ्याखाली कातडी थरथरते. मागचा डावा: मांडी आणि पोट जिथे मिळतात तिथेच श्वास धरते. मागचा उजवा: पुठ्ठ्यापर्यंत ठीक, मांडीपासून खाली शेपूट आवळते.

या टप्प्यात एकच गोष्ट जपायची, ती म्हणजे हात कधी काढायचा. मोजा थरथरत्या जागी टेकवायचा आणि तिथेच ठेवायचा. तिने पाय हलवला तर मोजा पायाबरोबर हलतो, निघत नाही. पाय शांत झाला, श्वास सुटला, की त्याच सेकंदाला "हां", मोजा बाजूला, गाजर. पाय उडवल्यावर मोजा काढला तर लाथ मारल्याने त्रास जातो एवढंच ती शिकते. हरणीला आजवर नेमकं हेच शिकवलं गेलं आहे: लाथ मारली की माणूस मागे सरतो, म्हणजे सुटका. दोष तिचा नाही.

उलट बाजूने, एका जागी वीस-वीस सेकंद दाबून धरणंही चूक. ती ताठ होण्याच्या एक बोट आधी थांबायचं, तिथे तीन-चार वेळा करायचं, मग एक बोट खाली.

काय पाहायचं: नाकपुडीच्या मागची सुरकुती, खालचा ओठ आवळलेला की सैल, शेपटीचं मूळ. चघळणं आणि ओठ चाटणं यावर एकट्यावर विश्वास ठेवू नये. ताण सुटतानाही घोडा चघळतो, म्हणजे आधी ताण होता एवढंच त्यातून कळतं.

१३ मे

चारही पायांवर मोजा खुरापर्यंत पोचला. मागच्या डाव्यावर दोन वेळा लाथ, दोन्ही वेळा मोजा जागेवरच राहिला. तिसऱ्यांदा तिने पाय नुसता उचलून खाली ठेवला. त्याला "हां" दिला नाही. खाली ठेवून सैल केला तेव्हा दिला.

१४ मे

पुढचा डावा, भार हलवणं. पाय उचलायचा नाही अजून.

आधी घोडी चौरस उभी करायची. पुढचे दोन पाय एकमेकांना चिकटलेले असतील किंवा एक पाय खूप मागे असेल, तर तिला तोलच सापडत नाही. एक पाऊल मागे घ्यायला लावलं की बहुतेक वेळा जमतं. मग खांद्याला तळहाताने हलका दाब, पीठ मळताना देतो तेवढाच. वजन पलीकडे गेलं की या पायाची टाच जमिनीवरून सैल होते. तेव्हाच "हां", दाब काढला. सकाळी आठपैकी तीनदा, रात्री आठपैकी सात.

१६ मे

पहिल्यांदा खरा हात. खांद्यावरून पोटरीवर, तिथून पायाच्या आतल्या बाजूच्या शिंगासारख्या घट्ट्यापर्यंत. घट्टा अंगठा-बोटात हलका दाबला आणि "पाय" म्हटलं. तिने गुडघा वाकवला. खूर हातात घेतला आणि घोडी विचार करायच्या आत खाली ठेवला.

ठेवला, सोडला नाही. हात खुराबरोबर जमिनीपर्यंत गेला, खूर सपाट टेकला, मगच "हां". पाय हवेत सोडून दिला तर तो दगडासारखा आदळतो, पुढच्या वेळी घोडी आदळण्याआधी स्वतःच हिसकावते. पाय देण्याचा निम्मा धडा पाय परत ठेवण्यात आहे, आणि तबेल्यांमधून घाईत हाच निम्मा गाळला जातो.

एक सेकंद, सहा वेळा. बास.

१९ मे

चूक झाली. पुढच्या डाव्यावर तीन सेकंद छान जमले म्हणून लगेच आठ सेकंद धरले. सहाव्या सेकंदाला तिने हिसकावलं, हातातून पाय सुटला. म्हणजे १६ तारखेपासूनचं थोडं वाया गेलं. संध्याकाळी परत एक सेकंदावर. वेळ वाढवायची ती अशी: १, २, १, ३, २, ४, १, ५. मधूनमधून सोपं आलं पाहिजे. प्रत्येक वेळी थोडं जास्तच मागितलं तर ती पुढच्या मागणीला आधीच कंटाळते.

पुढचा उजवा, अंगावर रेलणारा. इथे दोष माणसाच्या हाताचा. घोट्याखाली तळहात लावून वर धरलं की आपण खुर्ची होतो, घोडी बसते. उपाय: खुराचं पुढचं टोक बोटांच्या पेरांवर धरायचं, घोटा दुमडलेला राहील असं. त्या धरण्यात रेलायला आधारच मिळत नाही. तरी भार आला तर वर ढकलायचं नाही, एक-दोन इंच खाली न्यायचं. तिला स्वतःचा तोल शोधावा लागतो. तोल सापडून हात हलका झाला की "हां", आणि खाली. तीन सत्रांत फरक पडला.

२३ मे

मागचा डावा, दोराने, वाळूच्या रिंगणात. काँक्रीटवर किंवा मॅटवर हे करू नये, घोडी घसरून बसू शकते.

चार मीटरचा मऊ सुती दोर, १६ मिमी जाड. खुराच्या वर, घोट्याच्या खाली, मागून पुढे घेतलेला. गाठ नाही. दोन्ही टोकं माणसाच्या हातात, हातात कातडी मोजे. माणूस खांद्याशी, म्हणजे लाथेच्या टप्प्याबाहेर. दोर पुढच्या दिशेला हलकाच ताणायचा. पाय फेकला तर ताण तेवढाच ठेवून दोराने पायामागे जायचं, कुस्ती नाही करायची. पाय सैल पडला की दोर सैल, "हां". फारच उधळली तर एक टोक सोडून द्यायचं, दोर आपोआप निघतो. म्हणूनच गाठ नाही, आणि खांबाला बांधणं तर अजिबात नाही. दोराने कातडी सोललेला पाय बरा व्हायला आठवडे जातात आणि त्या पायाची भीती त्याहून जास्त टिकते.

पहिल्या सत्रात सात लाथा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एकही नाही.

२६ मे

मागचा डावा, हाताने. बाहेरचा हात पुठ्ठ्यावर ठेवलेला, आतला हात मांडीवरून खाली. वरच्या हाताला स्नायू आवळल्याचं आधी कळतं, खालचा हात तेवढ्यात थांबू शकतो. पाय आधी पुढे, पोटाखाली उचलू द्यायचा, मग शांत झाल्यावर सावकाश मागे. लोक थेट मागे आणि बाहेर ओढतात, कारण आपल्याला उभं राहायला तिकडे जागा असते. घोडीचा सांधा मात्र बाहेर वळत नाही. सरळ रेषेत मागे धरला तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

आज पाच सेकंद, चार वेळा.

२८ मे

मागचा उजवा, आखडलेला. इथे ध्येयच वेगळं ठेवलं. सागवानी ठोकळा, १२ सें.मी. उंच, वर गोणपाट ठोकलेलं. पाय पुढे उचलून खुराचं टोक ठोकळ्यावर टेकवायचं, तिथेच खूर साफ होतो. भार तिचा तिच्याकडे, सांधा फार वाकत नाही. औषध सुरू झाल्यापासून तीन आठवड्यांत तिची शेपूट या बाजूला सैल राहू लागली आहे. आज पहिल्यांदा तिने मागितल्यावर स्वतः टाच उचलली.

इथे दहा सेकंदांच्या वर जायचं नाही असं ठरवलं आहे, तिने दिला तरी नाही.

३० मे

खूर साफ करणं. आकडी नेहमी टाचेकडून टोकाकडे, म्हणजे निसटली तर पायात किंवा आपल्या मनगटात घुसत नाही. पुतळी, म्हणजे तळव्यावरचा रबरासारखा त्रिकोण, तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचा साफ करायच्या, पुतळीवर आकडी मारायची नाही.

पुढच्या डाव्या खुरात पुतळीच्या मधल्या खाचेत आकडीचं टोक लागलं आणि तिने ताडकन पाय हिसकावला. वाकून पाहिलं. खाच बोटाच्या पेराएवढी खोल, आत काळं ओशट, वास कुजलेल्या चीजसारखा, जो एकदा घेतला की विसरत नाही. सड. ४ मेच्या नोंदीत "दोन सेकंदांत हिसकावते" असं लिहिलं ते याचमुळे, निदान काही अंशी तरी. पाय देत नव्हती कारण पाय दिला की कुणीतरी तिथेच आकडी खुपसत होतं.

ही खाच आकडीने नाही, जुन्या टूथब्रशने साफ करायची. मग कापसाने कोरडी. डॉक्टरांनी दिलेलं औषध गॉजच्या पट्टीवर घेऊन खाचेत हलकं भरायचं, रोज बदलायचं. सडीचे जंतू हवा लागली की मरतात, चिखल आणि लीद यांत फोफावतात. म्हणून औषधाच्या जोडीला ठाणावरचा ओला भुसा दिवसातून दोनदा उचलायचा.

२ जून

नालबंदाच्या कामाची सवय. खरा माणूस यायच्या आधी त्याचे आवाज आणि झटके यायला हवेत. खुरावर लाकडी हातोडीने टकटक, आधी पाय जमिनीवर असताना, मग हातात. कानस घासल्यावर पायात जो कंप जातो तो जुन्या कानशीच्या पाठीने दाखवला. पुढचा पाय माणसाच्या दोन गुडघ्यांमध्ये, मागचा मांडीवर. नालबंदाचं धरणं वेगळं असतं, आपल्या हाताला पाय देणारी घोडी त्याच्या गुडघ्यांना पाय देईलच असं नाही.

चामड्याचा एप्रन तबेल्यात दोन दिवस टांगून ठेवला. वासासाठी.

४ जून

नालबंद चाचा महालक्ष्मीला रेसकोर्सवरचं सकाळचं काम आटोपून आले. हत्यारांची पेटी गेटजवळच ठेवायला सांगितली.

"चाचा, आज नाल नाही. नुसता पाय धरा आणि खाली ठेवा."

"नुसता धरायला एवढ्या लांब बोलावलंत?"

पण धरले. पुढचे दोन्ही, मागचा डावा, प्रत्येकी दोनदा. प्रत्येक वेळी आमच्यातल्या एकाने "हां" म्हणून गाजर दिलं. शेवटच्या वेळी गाजर त्यांनीच दिलं. मागच्या उजव्याला हात लावायचा नाही असं ठरलं होतं, ते त्यांनी पाळलं. या भेटीचे पैसे वेगळे द्यायचे, त्यात काटकसर नको. पहिल्या दिवशी घाई झाली की पुढचे चार आठवडे त्याची भरपाई करण्यात जातात.

७ जून

कापणी. सकाळी उजाडताना, ऊन व्हायच्या आत. क्रम: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, शेवटी मागचा उजवा. दोन पायांमध्ये पाच मिनिटं फिरवणं.

नाल काढताना खिळ्यांची वळवलेली टोकं आधी सरळ करून कापायची असतात. पुढच्या उजव्यावर एक टोक राहिलं होतं. चिमट्याने नाल ओढताना खुराची भिंत ओढली गेली, हरणी मागे सरली. चाचांनी पाय सोडला नाही, खाली नेऊन ठेवला. टोक कापलं. मग टाचेकडून थोडं इकडून, थोडं तिकडून सैल करत टोकाकडे आणलं, नाल सुटली. पाच मिनिटांनी परत मागितला तेव्हा तिने तोच पाय दिला.

पुढच्या खुरांची पुढची लांबी साडेनऊ सें.मी. होती, साडेसातवर आणली. आधी टोक लांब होतं म्हणून चालताना घोटा मागे ताणला जात होता. नवीन नाला लोखंडी, सहा-सहा खिळे. रेसच्या घोड्यांच्या हलक्या ॲल्युमिनियमच्या नाला डांबरावर टिकत नाहीत.

मागचा उजवा दोन भागांत केला, मध्ये दहा मिनिटांची विश्रांती, ठोकळ्यावरच. चाचा गुडघे दुमडून खाली वाकले. पाय वर आणला नाही. एकूण वेळ एक तास दहा मिनिटं, माणसं दोन. ओठाला दोरी नाही.

१२ जून

पाऊस लागला. मॅट ओल्या, पाय ओले, पत्र्यावरचा आवाज. पुढच्या डाव्यासाठी तीन वेळा मागावं लागलं. हे मागे जाणं नाही. कोरड्या पायाचा धडा ओल्या पायाला परत एकदा सांगावा लागतो, एवढंच. एक सेकंदापासून सुरू केलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीवर आली.

आता दुसऱ्या मोतद्दाराकडे काम देतोय. त्याला आधी घोडीशिवाय, खुर्चीच्या पायावर हात कुठून कुठे न्यायचा ते दाखवलं. शब्द तेच, क्रम तोच. त्याचा हात मांडीवरून पटकन खाली जातो, मागच्या डाव्याला ते चालत नाही. दोन वेळा शेपूट आवळली. सावकाश केल्यावर दिला.

१५ जून

सड: मधली खाच निम्मी भरली, वास नाही. पट्टी एक दिवसाआड.
गाजर: दर पायामागे नाही, चारही पाय झाल्यावर एकदा. मागच्या उजव्यासाठी मात्र दर वेळी चालूच.
ठोकळा: १२ वरून १० सें.मी. केला, डॉक्टरांनी पुन्हा पाहून सांगितलं. थंड-दमट हवेत सकाळी सांधा जास्त आखडतो, म्हणून हा पाय आता दहा मिनिटं चालवल्यावर घ्यायचा.
पुढची कापणी: १९ जुलै, सहा आठवड्यांनी. चाचांना सांगितलं आहे की उजव्या मागच्यासाठी बसायला पाट आणून ठेवतो.